आधी सँडल, मग गाऊन

"ताई, ते खुरपं ठेवा आणि जरा कुंपणापाशी या."

शेजारणीची हाक अशी खालच्या पट्टीत आली की समजावं, घरात काहीतरी शिजतंय आणि ते शेगडीवर नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनला मे महिना म्हणजे टोमॅटोची रोपं जमिनीत लावायचा महिना, आणि बारावीतल्या पोरींच्या आयांची झोप उडायचाही. शाळा संपत आली की प्रॉम. पायघोळ गाऊन घातलेल्या मुली, भाड्याच्या टक्सिडोतली मुलं, कुठल्यातरी बँक्वेट हॉलमध्ये जेवण आणि मग नाच. पोरांची एका संध्याकाळची मजा, पण आया हिवाळ्यापासून त्यातच.

"काय झालं गं?"

"गाऊन तोकडा झाला."

"तोकडा? आला तेव्हा तर जमिनीवर लोळतोय म्हणालीस."

"लोळतच होता. म्हणून तर ओक ट्री रोडच्या मागे त्या एक बाई तळघरात ऑल्टरेशन करतात ना, त्यांच्याकडे नेला. त्यांनी टाचण्या लावल्या, जास्तीचं कापलं, झकास टीप मारून दिली. घरी आणला तेव्हा अगदी मापात. आणि काल हिचे सँडल आले. चार इंचांची पेन्सिल हील! घालून उभी राहिली तर दोन्ही पावलं उघडी. पोरगी खोलीचं दार लावून बसलीय."

मला अंदाज आलाच होता. तरी विचारलं, "टाचण्या लावल्या तेव्हा तिच्या पायात काय होतं?"

शेजारीण कुंपणाच्या फळीवरची नसलेली धूळ पुसायला लागली. "काही नव्हतं. अहो, त्या बाईंच्या दाराशी पाटीच आहे, चपला बाहेर काढा म्हणून. आपल्याला तर पाटीही लागत नाही. दोघीजणी काढून आत गेलो. गालिच्यावर अनवाणीच उभी राहिली."

"आणि तुझ्या लक्षात नाही आलं? तू स्वतः साडी नेसताना आधी सँडल चढवतेस आणि मग निऱ्या खोचतेस. मागच्या दिवाळीला मीच पाहिलंय तुला, बेडरूमच्या गालिच्यावर सँडल घालून उभी."

"साडीचं लक्षात राहतं हो ताई. गाऊनचं कोण लक्षात ठेवतं?"

तेवढ्यात डेकवरच्या खुर्चीतून तिच्या सासूबाई बोलल्या. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. मांडीवर मेथीची जुडी, आणि कान आमच्याकडे. "मी म्हटलं होतं हिला. आधी कळस मग पाया झाला हा."

"आई, तुम्ही असं काहीही म्हटलं नव्हतं."

"मनात म्हटलं होतं."

गाऊनचा नियम एवढाच आहे, आणि तो मी थोरलीच्या प्रॉमच्या वेळी शिकले. आधी सँडल घ्यायचे. मग तेच सँडल पिशवीत घालून शिंपिणीकडे न्यायचे. त्या उंचीचे दुसरे, आईचे, मैत्रिणीचे चालत नाहीत. ते पायात घालून, ताठ उभं राहून टाचण्या लावायच्या. पुढची कड जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर राहिली पाहिजे, म्हणजे पाऊल टाकताना चवड्याखाली कापड येत नाही. आणि टाचण्या लागल्या की खोलीभर चालून, एक गिरकी घेऊन, खुर्चीत बसून उठून बघायचं. उभ्या उभ्या सगळेच गाऊन मापात असतात.

"आता काय करायचं ते सांगा. सोडवून खाली घेता येईल का?"

"आण बघू."

गाऊन आला. बॉटल ग्रीन, सॅटिनचा, कमरेखाली घेर. पोरीची आवड चांगली आहे, हे मी तिच्या आईला सांगितलं नाही, उगीच चढून बसेल. कुंपणावरून आम्ही त्याची कड उलटून पाहिली. खाली दुमड अशी नव्हतीच. कड आत वळवून अगदी नखाएवढी बारीक शिवलेली, आत सोडायला कापडच नाही. अस्तरही वेगळं कापून वेगळं शिवलेलं. काम सुरेख होतं. त्या बाईंना दोष देता येईना, त्यांनी समोर जी उंची उभी होती तिचं माप घेतलं.

"हे काही खाली येत नाही," मी म्हटलं. "आता सँडलनाच खाली यावं लागेल."

"म्हणजे चपटे? ती ऐकायची नाही. म्हणते, चपटे घालून मी कामवाल्या बाईसारखी दिसेन."

"तिला सांग, गाऊन जमिनीला टेकतोय तोवर पाय कुणाला दिसत नाहीत. गाऊनला पुढून चीर आहे का? नाही. पुढे आखूड, मागे लांब असा आहे का? नाही. पोटरीपर्यंतचा असता तर गोष्ट वेगळी होती, तिथे सगळ्यांची नजर पायांवरच जाते. पायघोळ गाऊनमध्ये सँडलचं फार तर टोक दिसतं, तेही जिना चढताना."

शेजारणीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली नेला. "खरं सांगू का, मलाही चपटेच हवेत. तो मुलगा आहे ना तिच्याबरोबर जाणारा, फिजिक्सच्या वर्गातला. चांगला आहे हो. पण हिच्यापेक्षा दोन इंच बुटका. त्यात ही चार इंच चढवणार! फोटोत कसं दिसेल? आईंना मी अजून सांगितलं नाहीये, मैत्रिणींबरोबर जातेय असंच..."

"तो कुरळ्या केसांचा ना?" डेकवरून आवाज आला. "परवा दारात आला होता. मला वाकून नमस्कार करून गेला. बुटका आहे, पण वळण आहे."

शेजारीण तांबडीलाल झाली. मला हसू आवरेना.

"काकू, उंचीचं मनावर घेऊ नका," मी म्हटलं. "टाचा आधी पुरुषांच्याच होत्या. फ्रान्सचा चौदावा लुई. पॅरिसला लूव्हरमध्ये त्याचं १७०१ सालचं मोठं चित्र आहे, रिगो नावाच्या चित्रकाराने काढलेलं. राजा साठी ओलांडलेला, अंगावर हा एवढा झगा, आणि झगा बाजूला सारून पाय मुद्दाम पुढे केलेले. पांढरे मोजे आणि बुटांना लालचुटुक टाचा. दरबारात टाचा मिरवणं हे मोठ्या माणसाचं लक्षण होतं."

"लाल टाचा? पुरुषाने?" काकूंनी मेथीची काडी खाली ठेवली. "बरं दिसत असेल."

मग ओघाने कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीचा विषय निघालाच. गेल्या वर्षी तिचा प्रॉम होता. पाच इंच टाच, पुढे प्लॅटफॉर्म. आता प्लॅटफॉर्मचं एक आहे, टाच पाच इंच आणि पुढचा तळ दीड इंच जाड असला की पायाला उतार साडेतीन इंचांचाच होतो, म्हणून ते दिसतात तेवढे छळत नाहीत. पण उंचावरून पाय मुरगळायचा तो मुरगळतोच. इथे हॉलवर जायच्या आधी कुणाच्यातरी हिरवळीवर जमून फोटो काढायची पद्धत आहे. सगळ्या आया, सगळे कॅमेरे. तिथे या मुलीची बारीक टाच आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेल्या मातीत रुतली. ती पुढे निघाली, सँडल मागे राहिला. पुढचे सगळे फोटो तिने त्या मुलाच्या खांद्यावर रेलून, एका पायावर उभं राहून काढलेत. बघणाऱ्याला वाटतं केवढं प्रेम! पेन्सिल हीलच्या टोकाला बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, गवतात टाच जाऊ नये म्हणून. पण ते तिला कोण सांगणार? तिची आई आमच्याशी बोलत नाही.

"नऊ वाजेपर्यंत टेबलाखाली सँडल आणि ही अनवाणी," शेजारीण म्हणाली. "तिच्याच मैत्रिणीने सांगितलं. आणि शाळेच्या पदवीदान समारंभाला टाचांना बँडेड लावून स्लिपरवर गेली."

"सगळ्याच काढतात गं. जेवण होऊन नाच रंगात आला की टेबलांखाली सँडलांचा ढीग. काही मुली आता शहाण्या झाल्यात, गाऊनखाली सरळ कॉन्व्हर्सचे कॅनव्हास बूट घालून जातात. मला त्यात काही वावगं वाटत नाही."

काकूंना मात्र मुळातच प्रश्न पडला होता. "नाचायला जायचं तर पायात घालायचं कशाला? आमच्या मंगळागौरीला रात्र रात्र जागलोय. झिम्मा, फुगड्या, पिंगा. अंगावर नऊवारी, नथ, सगळा साज. पायात काही नाही. शेणाने सारवलेली जमीन. सकाळी पाय दुखायचे, पण फोड एकाही बाईला नाही."

"आई, हॉटेलच्या फरशीवर अनवाणी कोण नाचतं?"

"आता तूच सांगितलंस की नऊ वाजता सगळ्या नाचतात."

यावर आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं.

माझं म्हणाल तर मी आणि आमचे हे, निवृत्तीनंतर बॉलरूम डान्सच्या क्लासला जातो. हे पावलं मोजतात, मी त्यांचे पाय चुकवते. पण तिथे बुटांबद्दल जे कळलं ते कुठल्या दुकानात कळलं नसतं. नाचाच्या बुटांचा तळ रबराचा नसतो, गुळगुळीत चामड्याचाही नसतो. तो स्वेडचा, म्हणजे खरबरीत बाजू बाहेर असलेल्या मऊ चामड्याचा. रबर जमिनीला धरून ठेवतं, गिरकी घेताना पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. नवं गुळगुळीत चामडं घसरतं. स्वेड मधलं, हवं तेवढं सरकतं आणि हवं तिथे थांबतं. त्याचे केस दबले की तारेच्या ब्रशने घासून पुन्हा उभे करायचे. आणि ते बूट घालून रस्त्यावर जायचं नाही, भिजवायचे तर मुळीच नाहीत. मी माझे पिशवीतून नेते. बायकांच्या त्या बुटांना टाच असते, पण ती पायाच्या टाचेखाली बरोबर मधोमध बसवलेली, खाली थोडी पसरट. मागच्या कडेला लटकलेली नाही.

"म्हणजे हिला तसले घेऊ?"

"एका रात्रीसाठी नको. पण त्यांच्यातलं शहाणपण घे. घोट्याला किंवा पावलावरून पट्टी हवी. पट्टी नसली की प्रत्येक पावलाला बोटं आवळून सँडल धरून ठेवावा लागतो, तासाभरात पोटऱ्या भरून येतात. आणि टाच जितकी उंच तितका सगळा भार पुढे चवड्यावर. चार तास चवड्यावर उभं राहून बघ जरा ओट्यापाशी."

"सिनेमातल्या बायका बऱ्या नाचतात."

"त्यांचे हाल कोण बघतं? 'स्विंग टाइम' पाहिलास का, १९३६ चा? फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. त्यातल्या शेवटच्या नाचाचे म्हणे ४७ टेक झाले. संपला तोवर जिंजर रॉजर्सच्या पायांतून रक्त येत होतं. पडद्यावर ती जिना चढत वर जाताना अशी हलकी दिसते की विचारू नकोस."

काकूंनी च् च् केलं.

"रंगाचं काय?" शेजारणीने नसलेला पदर खोचल्यासारखं केलं. "हिरव्यावर हिरवेच शोधत होते मी. तो रंग कुठे मिळत नाही."

"शोधूही नकोस. पलीकडच्या घरात ती इटालियन म्हातारी राहायची ना, ती सांगायची. त्यांच्या पोरींच्या वेळी पांढऱ्या सॅटिनचे बूट मिळायचे. गाऊनच्या कापडाचा तुकडा दुकानात द्यायचा, ते बूट त्या रंगात रंगवून देत. हुबेहूब. आणि हॉलच्या दारात पाऊस लागला की रंग मोज्यांवर. सोनेरी किंवा रुपेरी घे, नाहीतर सरळ अंगाच्या रंगाचे. हिरव्या सॅटिनवर सोनेरी. तिच्या कानातलंही सोनेरी आहे ना? झालं तर."

"चमचमणारे?"

"ते नको!" माझा आवाज जरा चढलाच. थोरलीच्या वेळचं मी अजून विसरले नाही. तिचा गाऊन जाळीचा होता आणि सँडलच्या बकलवर हिरकण्या चिकटवलेल्या. हॉलपाशी गाडीतून उतरताना जाळी बकलात अडकली. एक पाय गाडीत, एक बाहेर, मागे गाड्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटी बरोबरच्या मुलाने खिशातल्या किल्लीने जाळी टराटरा फाडून तिला मोकळं केलं. बकलावरून बोट फिरवून बघायचं, बोटाला टोचलं तर कापडालाही टोचणार. पट्टीचं टोक लांब असेल तर तेही अस्तरात जातं, जास्तीचं कापून टाकायचं.

काकूंनी इथे आपला तोडगा मांडला. "कोल्हापुरी घाला की तिला. चपटी, सोनेरी गोंडे लावलेली मिळते. २०२५ साली पेपरात आलं होतं, त्या इटलीच्या प्राडावाल्यांनी हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल त्यांच्या शोमध्ये पोरांच्या पायात घातली. मग इतका आरडाओरडा झाला, तेव्हा मान्य केलं की ही कल्पना भारतातली. आमच्या कोल्हापुरीला २०१९ सालीच जीआय मानांकन मिळालंय म्हणावं."

कल्पना वाईट नव्हती, पण नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, हे काकूंनाही मान्य करावं लागलं. "तेल लावायचं," त्या म्हणाल्या. तेल लावलेली चप्पल आणि सॅटिनचा गाऊन! शेजारणीने डोळे मिटून घेतले. मग चुलत बहिणीच्या लग्नात पुण्यात घेतलेली जरीची मोजडी निघाली. ती फोटोपुरती ठीक, पण तिला मागे धरून ठेवायला काही नाही, नाचताना टाच बाहेर येते. आणि जरीचं टोक अस्तराला लागतं ते वेगळंच.

शेवटी ठरलं ते असं. पुढे निमुळते, सोनेरी, साधे, घोट्याला पट्टी, टाच फार तर अर्धा इंच. गाऊन अनवाणी मापाचा आहे, तेवढं चालून जाईल.

"आणि संध्याकाळी घ्यायला जा," मी बजावलं. "सकाळी नको. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बसलेला बूट रात्री बसत नाही. घरी आणले की रोज थोडा वेळ मोजे घालून गालिच्यावर चालू दे तिला. ठेवायचे हे पक्कं झालं की तळावर पॉलिश पेपर घास, आडवा उभा. या हॉलमध्ये गालिच्यावर लाकडी फळ्या जोडून नाचाची जागा करतात, नवा तळ त्यावर सरकतो."

"नंबर सातच ना तिचा?"

"काय सात?" काकू चमकल्या. "तिचा पाय माझ्याएवढा आहे. माझा तर पाच."

"काकू, तो आपल्याकडचा पाच. आपल्याकडे इंग्लंडचे नंबर चालतात. इथे बायकांचे नंबर साधारण दोनाने पुढे. तुमचा पाच म्हणजे इथला सात."

"तरीच! माझ्या लेकाने आल्या आल्या मला फिरायचे बूट आणले ते पाच नंबरचे. म्हणाला, आई, तुझा पाय इथल्या हवेत मोठा झाला. आणि मी महिनाभर अंगठा दुमडून फिरतेय त्या पार्कमध्ये!"

शेजारणीने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वाटायचं, यांना फिरायला जायचा कंटाळा येतो."

"आता ते चार इंचांचे सँडल आण इकडे," मी म्हटलं. "तळ बघू."

खोका आला. तळ कोरा, किमतीचं लेबलही जागेवर, पोरगी गालिच्याबाहेर गेली नव्हती एवढं नशीब. पावती खोक्यातच होती.

"मग आज संध्याकाळीच जा. हे परत कर आणि त्याच दुकानात चपटे बघ. तिलाही ने. तिच्यामागे आणायला गेलीस तर पुन्हा दार लावून बसेल."

"मीही येते," काकूंनी मेथीचं ताट बाजूला सारलं आणि खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. "माझेही बदलून आणू. सात नंबर. आणि त्यांच्याकडे असतील तर लाल बघा, त्या राजासारखे."